परत आलेली फी

चार जून, शनिवार, सकाळचे साडेदहा. रक्कम रुपये पाच लाख पंचवीस हजार तीनशे एक, चेकने. जागा खंडेराव गेटजवळचं काकांचं घर, वरचा मजला. हजर पाच जण: काका, काकू, माझी पत्नी, मी आणि आमची मुलगी. चेक तिच्या नावावर होता.

काका-काकू आमच्या नात्यातले नव्हेत. झाशीतल्या मराठी घरांत त्यांना सगळेच काका-काकू म्हणतात. त्यांचं घराणं पेशव्यांच्या सुभेदारांच्या काळात इथे आलेलं, आमचं रेल्वेबरोबर. माझे आजोबा भुसावळहून बदलून आले, नगऱ्यात, रेल्वेच्या वस्तीत राहिले, आणि आम्ही अजून तिथेच आहोत. काका मला चिडवायचे, "तुम्ही इंजिनामागून आलेले लोक." मी म्हणायचो, "तुम्ही घोड्यामागून." ओळख गणपतीतली. मी रेल्वेच्या लेखा विभागात असल्यामुळे समाजाच्या गणपतीचा जमाखर्च माझ्याकडे आला, आणि तो तपासायला काका बसायचे. जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, एक रुपयाची चूक सोडायचा नाही. त्यावरूनच आमचं जमलं.

मुलगी मेकॅनिकल इंजिनीअर. ग्वाल्हेरजवळच्या एका पंपाच्या कारखान्यात तिने तीन वर्षं काम केलं. तिच्याकडून काम शिकलेला एक मुलगा मधे दोन वर्षं एमबीए करून आला आणि तिचा साहेब झाला. तेव्हा तिने प्रवेशपरीक्षा दिली. दक्षिणेतल्या एका चांगल्या संस्थेत जागा मिळाली. दोन वर्षांची फी सोळा लाख, त्यातली निम्मी संस्थेने गुणांवर माफ केली. उरले आठ, आणि हॉस्टेल-मेसचे तीन. या अकरा लाखांपैकी तीन तिचे साठवलेले, पावणेतीन मी घालू शकत होतो. सव्वापाच कमी पडत होते. इलाइट चौराह्यावरच्या बँकेतून मी कर्जाचा फॉर्म आणला आणि पाडव्याला देवळात काकांना व्याजाबद्दल विचारलं.

"किती कमी पडतात?" त्यांनी विचारलं.

"सव्वापाच."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सही करू नका अजून. घरी बोलतो."

त्यांच्या गप्प राहण्याचं कारण मे महिन्यात कळलं, त्यांनी बोलावून घेतलं तेव्हा. त्यांचा एकुलता एक मुलगा सहा वर्षांपूर्वी गेला, हे आम्हांला माहीत होतं. तोही इंजिनीअर होता, त्यानेही नोकरी सोडून एमबीएला प्रवेश घेतला होता, हेही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच की पहिल्या वर्षाची फी भरलेली होती. जायला आठ दिवस उरले असताना त्याला कावीळ झाली, आणि ज्या दिवसाचं तिकीट होतं त्याच्या आदल्या दिवशी तो गेला. पुढच्या महिन्यात संस्थेने फी परत पाठवली, तीन लाख साठ हजार. काकांनी मागितली नव्हती. त्याच्या कुणा मित्राने तिकडे कळवलं असावं.

"पोरगा गेला, फी आली," काका म्हणाले. ते पैसे त्यांना खर्चता येईनात. मुदतठेवीत टाकले आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही. त्या वर्षी मुदत संपत होती. व्याज धरून होत होते पाच लाख पंचवीस हजार तीनशे. वरचा एक रुपया काकूंचा, शुभाचा.

चेक घ्यायला गेलो तेव्हा मी पावती लिहून नेली होती. काका हसले.

"शिष्यवृत्तीची पावती असते का हो?"

"असते. देणाऱ्याची सोय."

"मग लिहा, परतफेड नाही."

मी लिहिलं.

"अट नाही."

तेही लिहायला घेतलं, तर काकू आतून चहाचा ट्रे घेऊन येता येता म्हणाल्या, "तेवढं थांबा. अट नाही, पण माझं एक मागणं आहे."

ज्येष्ठ वद्य पंचमीला त्यांच्या मुलाचं श्राद्ध असे. शेजारच्या हिंदी घरांत तोवर आषाढ लागलेला असतो, पण काकूंच्या घरात महिने अजून दक्षिणेकडचे चालायचे. मुलगा अविवाहित गेला, म्हणून त्याच्या नावाचं पान मांडून मुंज झालेल्या एका मुलाला जेवायला बसवत. पाठशाळेतून कोणीतरी यायचा.

"या वर्षी आमच्या बिटियाला बसू दे," काकू म्हणाल्या. "मी पान मांडीन, ती जेवेल. बाकी काही नाही."

"गुरुजी ऐकायचे नाहीत," काका म्हणाले. "मुंज झालेला लागतो."

"मुंज झालेले पाच जेवले. पोटभर जेवले, दक्षिणा मोजून घेतली. एकालाही विचारलं, काय शिकतोस रे, तर म्हणतो, आजी, जिलेबी नाही का?"

आम्ही हसलो. मुलगीही हसली आणि म्हणाली, "मैं बैठ जाऊँगी आजी. जेवायचंच तर आहे." तिला मराठी समजतं सगळं, बोलताना अर्ध्या वाटेत हिंदी येतं.

माझी पत्नी हसली नव्हती. घरी येऊन तिने पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "चेक परत करा."

"का?"

"फी त्याची. कोर्स त्याचा. आता पानही त्याचंच. पुढे काय उरलं?"

मुलगी म्हणाली, "मम्मी, ये सब कुछ नहीं होता."

"नसेल होत. तुला मूल होऊ दे, मग मला येऊन सांग."

मी तिला समजावायला गेलो की पान हे नुसतं पान असतं, पाठशाळेतली पाच मुलं जेवून गेली, कोणाला काही झालं नाही. ती म्हणाली, "त्यांच्या आयांना कोणी विचारलं होतं?" पत्नी देवभोळी नाही. उपास करत नाही, शनिवार-अमावास्या पाळत नाही. पण काकूंचा मुलगा गेला तेव्हा भेटायला ती गेली होती. दारामागे त्याची भरलेली बॅग तशीच उभी होती, आणि ती बॅग तिच्या डोक्यातून गेलेली नव्हती. आमच्याही घरात त्या आठवड्यात बॅग आणायची होती.

शेवटी तिने एवढंच मान्य केलं, "पैसे ठेवायचे तर ठेवा. पोरगी मी देणार नाही." फी भरायची मुदत पंधरा जूनची होती.

सोमवारी संध्याकाळी कचेरीतून परस्पर काकांकडे गेलो. जिन्यात काय बोलायचं ते जुळवत होतो, पण वर गेल्यावर काकूंनीच सोपं केलं. माझं तोंड पाहून म्हणाल्या, "सूनबाई नाही म्हणाली ना?"

"हो."

"बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असते तर चेक फाडून टाकला असता."

मी म्हणालो, "काकू, मग पैसे परत घ्या. मला कर्ज मिळतंय. मनात काही ठेवून..."

काका पुढच्या खोलीत पंख्याखाली बसले होते. तिथूनच म्हणाले, "या घरात फी एकदा परत आलेली आहे. पुन्हा आणू नका."

काकूंनी मला सरबत दिलं. खाली भाड्याने दिलेल्या खोल्यांत शिकवणीचा वर्ग होता, मुलं एका सुरात काहीतरी पाठ म्हणत होती. सरबत संपेपर्यंत मी ते ऐकत बसलो.

पंचमीच्या दिवशी पत्नीने घरी श्रीखंड-पुरीचा बेत केला. मुलीला अकरालाच जेवायला बसवलं आणि ती उठेपर्यंत समोर बसून राहिली. मुलगी म्हणाली, "मम्मी, घूर क्यों रही हो?" पत्नी म्हणाली, "जेव." चार दिवसांनी मुलगी गेली. जाण्याआधी एकटीच स्कूटीवरून खंडेराव गेटला नमस्काराला जाऊन आली. बराच वेळ लागला तिला. काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

ते कळलं सव्वा वर्षाने.

दोन ऑक्टोबरची सुट्टी होती, पितृपक्ष चालू होता. दुपारी दोनच्या सुमाराला दार वाजलं. पाहतो तर काका. सत्तरी उलटलेला माणूस एवढ्या उन्हात स्कूटर घेऊन नगऱ्यात आलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. पत्नीने पाण्याचा पेला दिला. तो हातात धरूनच ते म्हणाले, "पोरगी बरी आहे ना? तीन दिवस झाले, काही आलं नाही."

"काय यायचं?" पत्नीने विचारलं.

"मेसचं."

मग त्यांना कळलं की आम्हांला काहीच माहीत नाही. त्यांचा चेहरा पडला, पण आता सांगणं भाग होतं. नमस्काराला आली त्या दिवशी काकू मुलीला म्हणाल्या होत्या, पानावर बसू नकोस, आईचं ऐक. फक्त तिथे रोज काय जेवलीस तेवढं मला कळव. तेव्हापासून मुलगी रोज दुपारी आणि रात्री मेसमधून उठता उठता काकूंना फोनवर आवाज भरून पाठवायची. राजमा, भात, दोन पोळ्या. कद्दूची भाजी. काकू उलट सांगायच्या, कद्दू नाही, भोपळा म्हण. आणि दही का नाही? दही घेत जा. एकदा तीन दिवस लागोपाठ सोयाबीनच्या वड्या आल्या तर काकू मेसच्या व्यवस्थापकाशी बोलायला निघाल्या होत्या. काकांनी फोन काढून घेतला.

"रोज?" पत्नीने विचारलं.

"रोज. एकदाही चुकली नाही. म्हणून तर आलो. तुमच्या काकूनं मला बसूच दिलं नाही, जा म्हणाली, विचारून या."

पत्नीने तिथेच उभं राहून मुलीला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा उचलला. आवाजावरूनच कळत होतं. चार दिवस ताप होता. आम्ही काळजी करू म्हणून आम्हांला तिने प्रोजेक्टचं काम आहे असं सांगून ठेवलं होतं. पत्नी एकामागून एक विचारत सुटली. डॉक्टर, रक्त, औषध. मग तिने विचारलं, "डोळे बघ आरशात. पिवळे दिसतात का? लघवीचा रंग बघितलास?"

काका पेला धरून उभे होते. त्यांनी तो हलकेच टेबलावर ठेवला.

फोन ठेवून पत्नी त्यांच्याकडे वळली. "मी नाही म्हणाले होते ना? समोर बसवता आली नाही म्हणून लांबून बसवलीत. रोज दोन वेळा, पितृपक्षातसुद्धा."

"सूनबाई, त्यात त्याचं नाव कधी निघालं नाही."

"नाव कशाला काढायला पाहिजे? जेवत कोण होतं, ते तुम्हांलाही ठाऊक आहे आणि काकूंनाही. तुमच्या पोराचं पान माझ्या पोरीला लागलं."

मी तिला थांबवलं. थांबवेपर्यंत बोलून झालं होतं. काका म्हणाले, "ताप उतरला की कळवा," आणि गेले. मी स्कूटरपर्यंत गेलो. किक मारायला त्यांना जमेना, मी मारून दिली.

पत्नी त्याच संध्याकाळच्या गाडीने मुलीकडे गेली आणि आठ दिवस राहिली. साधा विषाणूचा ताप होता, तो पाचव्या दिवशी पूर्ण उतरला. मी काकांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, "ठीक आहे. काकूंना सांगतो." काकूंनी मुलीला निरोप पाठवला, आता मला नको कळवूस बेटा, आईला कळवत जा. त्यांचं-आमचं जाणंयेणं त्यानंतर थांबलं. गणपतीच्या हिशेबाला मी आणि काका बसायचो, आकड्यांपुरतं बोलायचो.

मुलीला मात्र सवय लागली होती. दुपारी दीडला पत्नीचा फोन वाजायचा. छोले, भात, एक पोळी. पत्नी ऐकायची आणि फोन ठेवून द्यायची. पंधरा-वीस दिवस तिने काही उत्तर दिलं नाही. एक दिवस मी जेवायला घरी आलो होतो, तेव्हा ती फोन तोंडाशी धरून सांगत होती, "दही का नाही घेतलंस?" बोलून झाल्यावर ती फोन हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी पानावरून मान वर केली नाही.

एप्रिलमध्ये मुलगी पदवी घेऊन आली. बंगळूरला नोकरी ठरली होती, पगार माझ्या पगाराहून बराच जास्त. तिने दुसऱ्याच दिवशी खंडेराव गेटला जायचं म्हटलं. पत्नी म्हणाली, "माझं डोकं दुखतंय. तुम्ही दोघं जा."

काकू बारीक झाल्या होत्या. त्यांनी हात धुतले, पदराला कोरडे पुसले आणि मग पदवीचा कागद घेतला. काकांनी तो वाचून मराठीत सांगितला, संस्थेचं नाव, पदवीचं नाव, मुलीचं नाव. मुलीचं नाव आल्यावर काकूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कागदाकडे. मग डबीतली साखर तिच्या तोंडात घातली.

"छान झालं," म्हणाल्या. "शिकणारं मूल लांबच असतं गं. लांब आहे म्हणून काही वाटत नाही. मेसचं जेवतंय, परीक्षा आहे, सुट्टीत येईल. दोन वर्षं माझं बरं चाललं होतं." मग म्हणाल्या, "आता शिक्षण झालं. शिक्षण झालं की मुलं घरी येतात."

मुलीला मराठी समजतं सगळं. ती काकूंच्या कुशीत शिरली आणि रडली. काकू रडल्या नाहीत. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, जसं काही दुःख तिचंच होतं.

जुलैत पहिला पगार झाल्यावर मुलीने पन्नास हजारांचा चेक माझ्याकडे पाठवला. काकांना द्या, दर महिन्याला देत जाईन. मी घेऊन गेलो. काका म्हणाले, "तुमची पावती काढा. काय लिहिलंय तिच्यात?"

"परतफेड नाही."

"मग? लेखा विभागातली माणसं तुम्ही, लिहिलेलं वाचता की नाही?"

चेक परत आणला आणि मुलीला कळवलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

काकू श्रावणात गेल्या. दुपारी भाजी निवडत बसल्या होत्या, तिथेच कलंडल्या. काकांचा मला फोन आला तेव्हा पत्नी शेजारीच होती. मी शर्ट घालेपर्यंत ती साडी बदलून दारात उभी होती. ती त्या घराचा जिना दोन वर्षांनी चढत होती. सवाष्ण गेलेली, म्हणून मळवट भरायचा, हिरवी साडी, ओटी. समाजातल्या बायका काय कुठे ठेवलंय ते शोधत होत्या. पत्नीने कोणाला न विचारता कपाट उघडलं, साडी काढली, काकूंना नेसवायला मदत केली, ओटी तिने भरली. तांदूळ घालताना थोडे खाली सांडले. ते तिने एकेक करून वेचले. काकांशी ती बोलली नाही, काकाही बोलले नाहीत. घरी आल्यावर आंघोळ करून ती म्हणाली, "मला एकदा जायला पाहिजे होतं."

वर्ष झालं. पुढच्या भाद्रपदात, नवमीच्या दोन दिवस आधी काकांचा फोन आला. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमीला तिच्या नावाचं पान मांडतात आणि त्यावर एक सवाष्ण जेवायला बसवतात. काकांना सवाष्ण मिळत नव्हती.

"ग्वाल्हेरची वहिनी आजारी आहे," ते म्हणाले. "इथे दोघींना विचारलं. एकीला मधुमेह, गोड चालत नाही. दुसरीची सून बाळंतीण. तुमच्या ओळखीत कोणी आहे का? नगऱ्यात रेल्वेवाल्यांची घरं आहेत बरीच. मराठी नसली तरी चालेल, गुरुजींना मी सांगतो."

पत्नी ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. फोन स्पीकरवर होता. तिने लाटणं थांबवलं नाही.

"त्यांना सांगा, मी येते."

मी फोनवर हात ठेवला. "अगं, तिथे बसायचं असतं. त्या पानावर."

"ठाऊक आहे मला. सवाष्ण लागते ना? तुम्ही आहात अजून."

मी फोनवरचा हात काढला. काकांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "बरं," आणि थोड्या वेळाने पुन्हा, "बरं."

नवमीला आम्ही दोघं गेलो. स्वयंपाक एका बाईंकडून सांगून आणला होता. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. गुरुजींनी संकल्प सांगितला, काकांनी पाणी सोडलं. पत्नी पाटावर बसली. हळदीकुंकू गुरुजी काकांना लावायला सांगतात की काय, असा क्षणभर घोळ झाला, मग खालच्या शिकवणीच्या बाई वर आल्या आणि त्यांनी लावलं. समोरच्या भिंतीवर काकूंचा फोटो होता, शेजारी मुलाचा. पत्नीने दोन्हींकडे पाहिलं, पानाभोवती पाणी फिरवलं आणि जेवायला सुरुवात केली. अर्धं जेवण झाल्यावर तिने मान वर केली.

"काका, दही नाही का?"

काका विसरले होते. ते उठून आत गेले. फ्रीज उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आलं नाही. मी उठू लागलो तर पत्नीने हातानेच खूण केली, बसा. काही वेळाने काका वाटी घेऊन आले. त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी दही वाढलं, चमचाभर सांडलं. पत्नीने पानातलं सगळं संपवलं, काही टाकलं नाही. हात धुऊन आल्यावर तिने माझा फोन मागितला, मुलीच्या नावावर बोट ठेवलं आणि सांगितलं, "खीर, दोन वडे, भोपळ्याची भाजी, भात. दही होतं."

मग काकांनी काकूंच्या कपाटातली एक साडी, खण, नारळ आणि दक्षिणा तिच्या ओटीत घातली. दक्षिणा रुपये एकशे एक, रोख, माझ्या पत्नीला.